गोव्यात स्वतःचं घर बांधताना पैसे कसे लावायचे: आमच्या वहीतला सगळा हिशेब

२०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या घराचं काम २३ दिवस बंद पडलं होतं. भिंती लिंटलपर्यंत (दारं-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत) आलेल्या, चिरे अंगणात रचून ठेवलेले, सेंटरिंगवाले फळ्या घेऊन यायचे होते, आणि बँकेनी लोन मंजूर करून चार महिने झाले होते. म्हणजे कागदावर पैसे होते, हातात नव्हते. सेंटरिंगवाले वाट बघून अस्नोड्याला दुसऱ्या साईटवर गेले, ते तिथला स्लॅब घालूनच परत आले. आम्ही भाड्याच्या घराचे महिन्याला ९,००० भरतोय, बँकेला व्याज भरतोय आणि साईटवर फक्त पाणी मारायला जातोय, असे ते दिवस.

त्यानंतर मी शांतपणे बसून वही उघडली आणि बघितलं की चूक कुठे झाली. एकूण रक्कम आम्ही जवळपास बरोबर काढली होती. पण कुठला पैसा कुठल्या महिन्यात लागणार आणि तो त्या महिन्यात कुठून येणार, हे लिहिलंच नव्हतं. मी शाळेच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, रोज हेच काम करते, आणि घराच्या बाबतीत मात्र नुसती बेरीज करून मोकळी झाले. म्हणून हे सगळं लिहितेय, डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा कुठेही वडिलोपार्जित जागेत घर बांधायचा विचार करणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून.

आधी जागा कुणाची ते बघा

पैशांच्या लेखात कागद का, असं वाटेल. पण गोव्यात लोन अडतं ते बहुतेक वेळा पगारामुळे अडत नाही, जागेमुळे अडतं.

फॉर्म वन अँड फोर्टीन, म्हणजे जमिनीचा उतारा, काढा (शहरात असाल तर फॉर्म डी) आणि त्यात नावं कुणाची आहेत ते वाचा. आमच्या फॉर्मवर माझ्या आजेसासऱ्यांचं नाव होतं, ते जाऊन तीस वर्षं झालेली. त्यांना चार मुलगे दोन मुली, आणि आपल्याकडे सिव्हिल कोडप्रमाणे मुलींचा हक्क मुलग्यांइतकाच, शिवाय प्रत्येकाच्या नवरा-बायकोचीही सही लागते कारण मालमत्ता दोघांची सामायिक धरतात. म्हणजे मोजून बारा सह्या. त्यातली एक आत्या बेळगावला. कुणाचं भांडण नव्हतं तरी वारसा लावून वाटणी होऊन फॉर्मवर माझ्या नवऱ्याचं आणि माझं नाव चढायला पावणेदोन वर्षं गेली. सगळे राजी असतील तर डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण ते सांगणारा दस्त) करून पुढे वाटणीचं डीड करता येतं, कुणी अडून बसलं तर इन्व्हेंटारीसाठी (कोर्टामार्फत वाटणी) कोर्टात जायला लागतं आणि मग किती वर्षं ते कोण सांगणार. सामायिक जागेवर, फक्त "हा कोपरा आमचा" अशा तोंडी समजुतीवर बँक पैसे देत नाही. तुमच्या वाट्याचा वेगळा सबडिव्हिजन नंबर असला की काम सोपं होतं.

मुंडकाराचं घर (दुसऱ्याच्या जागेत मालकाच्या संमतीने राहणाऱ्याचं) असेल तर आधी ती जागा मुंडकार कायद्याखाली विकत घेऊन नावावर करा, पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटरपर्यंत घेता येते. आणि कुळाची शेतजमीन, म्हणजे कुळकायद्याने मिळालेली, त्यात घर बांधायचा विचार करू नका, १९९१ चा लँड युज रेग्युलेशन कायदा त्या जमिनीचा शेतीशिवाय दुसरा वापर करू देत नाही. कोमुनिदादच्या, म्हणजे गावच्या सामायिक संस्थेच्या, जागेत असाल तर बांधायच्या आधी, लोनच्या आधी, आणि कुणाला एक रुपया ॲडव्हान्स द्यायच्याही आधी वकिलाला कागद दाखवा.

नावं लागली की टाउन अँड कंट्री प्लॅनिंगमधून (टीसीपी) झोनिंग सर्टिफिकेट, म्हणजे जागा सेटलमेंट (वस्तीच्या) झोनमधे आहे ना ते कळतं. मग सनद. भाट किंवा बागायत म्हणून नोंद असलेली जागा घरासाठी वापरायची तर लँड रेव्हेन्यू कोडच्या कलम ३२ खाली कन्व्हर्जन सनद लागते आणि बहुतेक बँका ती मागतातच. मग आर्किटेक्टचा प्लॅन, टीसीपीची टेक्निकल मंजुरी, हेल्थ सेंटरची एनओसी आणि शेवटी पंचायतीचं कन्स्ट्रक्शन लायसन्स. पंचायतीत लायसन्स फीबरोबर बांधकामाच्या किमतीच्या १ टक्का लेबर सेसही भरायला सांगतात, तो धरा. लहान घराला त्यातून सूट असते, तुमचं बसतं का ते आर्किटेक्टला विचारून घ्या. सनद फी, सर्वेअर, लायसन्स, वकिलाचा टायटल रिपोर्ट, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर मिळून आमचे १ लाख ८० हजार गेले आणि ते सगळे लोनच्या आधी, स्वतःच्या खिशातून. हा पहिला खर्च, आणि बरेच जण हाच धरत नाहीत.

एकूण किती लागणार, हे खरंखुरं काढणं

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "दर काय चाललाय?" आमच्याकडे मेस्त्री चौरस मीटरवर बोलतात, नातेवाईक चौरस फुटावर बोलतात, आणि त्यातच गोंधळ सुरू होतो. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. एकच माप धरा आणि सगळ्या कोटेशनांना त्याच मापात आणा. शिवाय तो दर कशावर आहे ते विचारा, बिल्टअपवर का स्लॅबच्या एरियावर, कारण आपल्याकडे पावसामुळे स्लॅबला चारी बाजूंनी बाहेर काढतात, समोर बाल्कांव (बसायचा ओटा) असतो, आणि स्लॅबच्या एरियावर दर लावला तर त्याच घराची किंमत भलतीच वाढते.

आमचं घर १२० चौरस मीटर, तळमजला, दोन बेडरूम, एक देवघरासकट मोठी सोप्याची खोली जिथे चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-पानांची चौकट) बांधता येईल. आम्हाला मटेरियलसकट २४,००० रुपये चौरस मीटर असा दर मिळाला. म्हणजे २८ लाख ८० हजार. नवरा म्हणाला, झालं, तीस लाखात घर. आता पुढचं बघा.

कंपाउंड, गेट, सेप्टिक टँक आणि सोकपिट, जमिनीखालची पाण्याची टाकी, पंप, अंगणाचं पेव्हिंग आणि तुळशी वृंदावन हे त्या दरात नव्हतं, ते ४ लाख ५० हजार. कागद आणि आर्किटेक्ट १ लाख ८० हजार, वर सांगितलेच. किचनच्या ट्रॉल्या, पंखे, लाईट, ग्रिल, दोन कपाटं, पडदे, वास्तुशांत, साडेतीन लाख. बेरीज ३८ लाख ६० हजार. त्यावर १० टक्के अडीअडचणीला म्हणून, ३ लाख ८६ हजार. शेवटचा आकडा ४२ लाख ४६ हजार.

२८ लाख ८० हजारांचं घर असं साडेबेचाळीसवर जातं. हे कुणी फसवलं म्हणून होत नाही, त्या दरात घराच्या चार भिंतींच्या बाहेरचं काही नसतंच म्हणून होतं. त्यामुळे तुमच्या मनातला दर गुणिले एरिया जो येईल त्याला निदान सव्वा ते दीड पट करून बघा, आणि तो आकडा झेपत नसेल तर घर लहान करा. आत्ता, कागदावर लहान करा. आम्ही आधी १४५ चौरस मीटरचा प्लॅन काढला होता, एक गेस्टरूम होती, ती काढून टाकली आणि आर्किटेक्टला सांगून जिन्याची जागा आणि त्याखालचं फाउंडेशन मात्र वरच्या मजल्याच्या हिशेबाने ठेवलं. पुढे मुलगा मोठा झाला की वर चढवता येईल. फाउंडेशनचा जादा खर्च आत्ताच होतो, नंतर करता येत नाही, म्हणून तिथे मी कंजुषी करू नका असंच सांगेन.

१० टक्के अडचणीचे पैसे खरंच लागतात का? आमचे प्लिंथमधेच (जोत्यात) जवळजवळ निम्मे गेले. जागा उताराची, एका बाजूला जोतं दीड मीटर उचलायला लागलं, काळ्या दगडाची भिंत वाढली, भराव वाढला, ५ लाख २० हजारांचं प्लिंथ ६ लाख ९० हजारांवर गेलं. उताराच्या जागेत आधी लेव्हल घेऊन कंटूर प्लॅन करून घ्या, सर्वेअर थोडे पैसे घेतो पण हा धक्का आधीच कळतो.

बँक किती देते आणि कशावर देते

रिझर्व्ह बँकेचा नियम असा की ३० लाखांपर्यंतच्या होमलोनला किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांना ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. ही वरची मर्यादा आहे, बँक एवढं देईलच असं नाही. आणि बँक तुमचं ४२ लाखांचं पूर्ण बजेट धरत नाही, इंजिनिअरने सही केलेलं बांधकामाचं एस्टिमेट धरते. आमचं ते ३३ लाख ३० हजारांचं होतं (घर अधिक बाहेरची कामं) आणि त्यावर २८ लाख मंजूर झाले. म्हणजे ४२ लाख ४६ हजारांतले १४ लाख ४६ हजार आमचे. एस्टिमेट आणि लोन यातला फरक ५ लाख ३० हजारांचाच दिसतो पण खरा खिशाला भार साडेचौदा लाखांचा, हा फरक आधी समजून घ्या.

हप्त्याचं गणित आम्ही असं केलं. २८ लाख, ८.५ टक्के, २० वर्षं, हप्ता २४,२९९ आणि एकूण भरणा ५८ लाख ३१ हजारांच्या वर. तेच १५ वर्षांनी हप्ता २७,५७३ आणि भरणा ४९ लाख ६३ हजार. महिन्याला ३,२७४ रुपये जास्त भरले की शेवटी ८ लाख ६८ हजार वाचतात. आम्ही तरीही २० वर्षंच घेतली, कारण बांधकामाच्या वर्षात महिन्याला तीन हजारही मोलाचे असतात, आणि फ्लोटिंग रेटच्या लोनवर आधी पैसे भरले तर बँकेला पेनल्टी लावता येत नाही. दरवर्षी बोनस आला की त्यातला निम्मा प्रिन्सिपलमधे टाकतो.

फ्लोटिंग रेट रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला) जोडलेला असतो. २०२५ च्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, त्याने आमचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत कमी झाली, बँका साधारण तसंच करतात. उलटं झालं तर मुदत वाढते आणि ते आपल्याला कळतही नाही, म्हणून वर्षातून एकदा स्टेटमेंट काढून उरलेले हप्ते मोजा.

लोनला नवरा-बायको दोघं लागतात. आपल्याकडे मालमत्ता दोघांची असल्यामुळे बँक सही दोघांची घेतेच, तर मग दोघांचा पगार दाखवून कोबॉरोअर (सहकर्जदार) व्हा, रक्कमही वाढते. टॅक्समधे जुन्या रिजीममधे राहिलात तर स्वतः राहायच्या घराच्या व्याजाला वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, नवीन रिजीममधे मिळत नाही, आणि पूर्ण वजावटीसाठी लोन घेतलेलं वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत घर पूर्ण व्हायला हवं. गोव्यातल्या जोडप्यांना रिटर्नमधे शेड्यूल ५ए भरावं लागतं, पगार ज्याचा त्याचा राहतो पण घराचं उत्पन्न किंवा तोटा दोघांत अर्धा अर्धा होतो. बाहेरच्या राज्यातल्या सीएला हे बरेचदा माहीत नसतं, इथलाच सीए धरा.

बँक लोनबरोबर एकरकमी प्रीमियमचा इन्शुरन्स लोनमधेच मिळवून देऊ करते. आमच्याही समोर फॉर्म सरकवला होता. इन्शुरन्स हवाच, घर बांधणाऱ्या माणसाच्या डोक्यावर एवढं कर्ज असताना तो नसणं चूक आहे, पण तो बँकेकडूनच घ्यायला हवा असं बंधन नाही. साधी टर्म पॉलिसी वेगळी घेतली तर प्रीमियमवर वीस वर्षं व्याज भरायला लागत नाही.

पैशाचं कॅलेंडर

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा.

तयार फ्लॅटचं लोन एकदम विकणाऱ्याला जातं. घराचं लोन टप्प्याटप्प्याने येतं, आणि टप्पा पूर्ण झाल्यावर येतं. आधी तुमचा स्वतःचा हिस्सा घाला, तो घातल्याचं बँकेचा व्हॅल्युअर (काम तपासणारा माणूस) येऊन बघणार, मग पहिला चेक. आमच्या बँकेचे टप्पे असे होते: प्लिंथ झाल्यावर २० टक्के म्हणजे ५ लाख ६० हजार, लिंटल झाल्यावर तेवढेच, स्लॅब झाल्यावर २५ टक्के म्हणजे ७ लाख, प्लास्टर आणि फ्लोअरिंगला ७ लाख, शेवटी १० टक्के म्हणजे २ लाख ८० हजार. तुमच्या बँकेचे टक्के वेगळे असतील, सँक्शन लेटर हातात आलं की पहिलं हेच शोधा.

आता बघा काय होतं. स्लॅबचे ७ लाख स्लॅब घातल्यावर येणार. पण स्लॅबची सळी, सिमेंट, सेंटरिंग, काँक्रीट मिक्सर, त्या दिवसाची वीस-पंचवीस माणसं, हे सगळं स्लॅबच्या आधी. म्हणजे प्रत्येक टप्प्याला आधी तुम्ही घालणार आणि मग बँक भरून देणार. तुमच्या हातात नेहमी एका टप्प्याचे पैसे फिरते असायला हवेत. आमच्या हातात ते नव्हते, कारण १४ लाखांतले ५ लाख पीएफचे होते आणि ते यायचे होते, आणि प्लिंथ पावणेदोन लाखांनी वाढलेलं. लिंटल झाल्यावर व्हॅल्युअर नवव्या दिवशी आला. हातात टेप, मोबाईलवर फोटो, भिंतींची उंची तीन ठिकाणी मोजली, सोप्याच्या खिडकीवरचं लिंटल अजून शटरिंगमधे होतं ते बघून कागदावर लिंटल ९० टक्के लिहिलं. त्या दहा टक्क्यांसाठी शटरिंग काढून परत फोटो पाठवायला लागले, मग शाखेतून फाईल पुढे, २३ व्या दिवशी पैसे. व्हॅल्युअरला बोलवायच्या आधी तो टप्पा खरंच पूर्ण झालाय ना ते स्वतः फिरून बघा, आणि टप्पा पूर्ण व्हायच्या आठ दिवस आधीच बँकेत अर्ज देऊन तारीख मागून ठेवा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

तर वहीत एक पान घ्या, आडवे महिने लिहा, ऑक्टोबर ते ऑगस्ट. प्रत्येक महिन्याखाली तीन ओळी: काय काम, किती पैसे जाणार, कुठून येणार. बँकेचा पैसा काम झाल्यावर एक महिन्याने धरा. पीएफ, एफडी, सोनं, घरच्यांचे उसने, जे काही असेल ते कुठल्या महिन्यात हातात येणार ते लिहा, आणि कुठल्या महिन्यात जाणारे पैसे जास्त आणि येणारे कमी दिसतात ते लाल पेनने गोल करा. तो गोल आत्ता दिसला तर उपाय करता येतो. आमचा गोल फेब्रुवारीत होता, आम्ही काढला मात्र मार्चमधे.

या कॅलेंडरला दुसरी एक बाजू आहे ती पावसाची. गोव्यात जूनमधे पाऊस सुरू झाला की पायाचं, चिऱ्यांचं, भरावाचं काम म्हणजे पैसे मातीत घालणं. दसरा झाला की खोदाई, डिसेंबरपर्यंत प्लिंथ, फेब्रुवारीत भिंती, मार्च-एप्रिलमधे स्लॅब, मे संपायच्या आत वरती कौलं किंवा पत्रा, मग आतलं प्लास्टर, वायरिंग, टाईल्स पावसात चालू राहतात. हे साधायचं तर परवानग्या आदल्या वर्षीच हातात हव्यात. एक टप्पा पैशासाठी महिनाभर सरकला आणि स्लॅब पावसापूर्वी नाही झाला, तर तुमचं घर सरळ चार महिने मागे जातं, भाडं आणि व्याज दोन्ही चालूच. त्या व्याजाचं पण सांगते, पूर्ण लोन उचलेपर्यंत जेवढे पैसे घेतलेत त्यावरचं व्याज दर महिन्याला भरावं लागतं, त्याला प्रीईएमआय म्हणतात. आमचे ११ लाख २० हजार उचललेले असताना ते महिन्याला ७,९३३ होतं, अधिक भाडं ९,०००. जवळजवळ सतरा हजार दर महिन्याला ज्यातून एक चिराही विकत येत नाही. हेसुद्धा बजेटमधे लिहा, दहा महिन्यांचं.

कमी पडले तर कुठून? आमच्याकडे क्रम असा होता, आधी पीएफ, मग एफडी, मग सोन्यावर थोड्या दिवसांचं लोन, जे बँकेचा टप्पा आला की लगेच सोडवलं. पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्ड अजिबात नको, होमलोनच्या हप्त्यावर तो दुसरा हप्ता बसला की घर चालवणं मुश्कील होतं. दीर किंवा भावाकडून घेतलेत तर बँक ट्रान्सफरने घ्या, २०,००० किंवा त्यावर रोख उसने घेणं टॅक्सच्या कायद्यात बसत नाही, आणि साध्या कागदावर तारीख आणि परत करायची मुदत लिहा. आमच्या कुवेतच्या दिरानेच हे सुचवलं, आणि त्यामुळे आजही बोलताना कुणाच्या मनात काही राहिलेलं नाही.

कंत्राट: मटेरियलसकट का फक्त मजुरी

मटेरियलसकट कंत्राट दिलं तर डोक्याला ताप कमी. मजुरीचं दिलं तर मटेरियल आपण आणायचं, रोज कुणीतरी साईटवर हवं, पण पैसे वाचतात. यात जीएसटीचाही फरक आहे: स्वतःच्या एका घरासाठी निव्वळ मजुरीच्या कंत्राटाला जीएसटी नाही, मटेरियलसकट असेल तर आणि कंत्राटदार रजिस्टर्ड असेल तर १८ टक्के. "२४,००० मधे जीएसटी आला का?" हे लिहून घ्या. सिमेंटवर आम्ही २८ टक्के भरले, २२ सप्टेंबर २०२५ पासून ते १८ झालंय, तर जुन्या कोटेशनवर सही करत असाल तर त्याबद्दल बोला.

कंत्राटात ॲडव्हान्स कमीत कमी ठेवा आणि पेमेंटचे टप्पे बँकेच्या टप्प्यांना जुळवून घ्या. आमच्या कंत्राटदाराने पहिल्यांदा काम सुरू व्हायच्या आधीच पाच लाख मागितले होते. आम्ही दीड दिले आणि बाकी प्लिंथच्या तीन भागांत, तो आधी नाराज झाला पण तयार झाला. शेवटचे ५ टक्के एक पावसाळा गेल्यावर द्यायचे असं लिहून घ्या. स्लॅब गळतो का, भिंतीला ओल येते का, हे गोव्यात फक्त पाऊसच सांगतो.

मटेरियलमधे पैसे कुठे गळतात ते एक उदाहरण देते. एका संध्याकाळी ट्रक आला, १२ एमएमच्या ६० सळ्या, बिलावर ७०० किलो. मी त्या दिवशी साईटवर होते. सळीचं वजन काढायची सोपी रीत आहे, व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ चा वर्ग १४४, भागिले १६२, ०.८९. सळी १२ मीटरची, म्हणजे एक सळी १०.६७ किलो, ६० सळ्या ६४० किलो. कंपनीच्या मापात थोडा फरक चालतो, पण ६० किलोचा नाही. मी सळ्या मोजल्या, मोबाईलवर गणित दाखवलं, ड्रायव्हरने दुकानात फोन लावला आणि बिल बदलून आलं. ६० रुपये किलो धरला तरी ३,६०० रुपये एका ट्रकमधे, आणि आमच्या घराला सळी चार टनांवर लागली.

चिऱ्यांचं तसंच, ट्रकमधून उतरवताना मोजा, कोपरे गेलेले बाजूला काढून त्यांचे पैसे वजा करा. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवेवर राहिला की टणक होतो, म्हणून पंधरा दिवस आधी आणून ठेवायला हरकत नाही, जागा असली तर. सिमेंट मात्र आधी आणून ठेवू नका, तीन महिने पडलं तर त्याची ताकद चांगलीच कमी होते आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्याहून लवकर. रेतीचा भरवसा नाही, आम्ही बांधत असताना गोव्यातल्या नद्यांतल्या रेतीवर कोर्टाचे निर्बंध असल्यामुळे बाहेरून येत होती आणि भाव महिन्यामहिन्याला हलत होता, त्यामुळे प्लास्टर सोडून बाकी ठिकाणी क्रशरची एमसँड (दगड फोडून केलेली रेती) चालेल का ते इंजिनिअरला आधीच विचारून ठेवा.

खर्च वाढवणारे दोन मोठे चोर अजून सांगते. एक, काम चालू असताना केलेले बदल. भिंत उभी राहिल्यावर "इथे एक खिडकी हवी होती" म्हटलं की तोडायची मजुरी, नव्या लिंटलचं काम आणि दोन दिवस. दुसरा चोर टाईल्सचं दुकान. बजेटमधे टाईल्स, नळ, दरवाजे यांचा दर प्रत्येकी आधी लिहून जा आणि दुकानात त्याच्यावरचं बघूच नका. आम्ही फ्लोअरिंगमधे ६० हजार वाढवून आलो होतो, मग पुढच्या बाजूचं पेव्हिंग रद्द करून ते भरून काढलं, आज तिथे लाल माती आणि झेंडू आहेत.

काय कापू नये तेही सांगते, वॉटरप्रूफिंग, वायरिंग, प्लंबिंगचे पाईप आणि स्लॅबचं क्युरिंग. सिमेंट पीपीसी (राखमिश्रित) असेल तर निदान दहा दिवस पाणी साठवून ठेवा, त्याला पैसे फारसे लागत नाहीत, फक्त सकाळ संध्याकाळ कुणीतरी जायला हवं. आमचे सासरे जायचे, पायात गमबूट घालून, आणि स्लॅबवर मातीचे वाफे करून त्यात पाणी भरून ठेवायचे, भाताच्या शेतासारखं.

शेवटचा टप्पा, जो सगळे विसरतात

घर झालं म्हणजे शेवटचे २ लाख ८० हजार आपोआप येत नाहीत. टीसीपीचं कंप्लिशन, मग पंचायतीचं ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, घर नंबर, घरपट्टी, वीज आणि पाण्याचं कायमचं कनेक्शन. बांधकामाचं वीज कनेक्शन टेंपररी असतं आणि त्याचा दर महाग, ते जितक्या लवकर बदलाल तितकं बरं. प्लॅनमधे नसलेलं काही बांधलंत, मागे एखादी शेड, पोर्च वाढवलेला, तर कंप्लिशन इथे अडतं आणि त्याबरोबर बँकेचा शेवटचा चेकही. आमच्या शेजारी एकाचं फक्त मागच्या बाथरूमच्या अंतरावरून चार महिने अडलं.

त्यामुळे फर्निचरचे साडेतीन लाख त्या शेवटच्या चेकवर अवलंबून ठेवू नका. आम्ही किचन आधी केलं, एक बेडरूम रिकामी ठेवली, कपाटं पुढच्या वर्षी. २७ ऑगस्टला चवथ होती, आदल्या दिवशी सुतार सोप्यात माटोळीचे हूक मारत होता आणि बाहेर पाऊस. ऑक्युपन्सी दिवाळीनंतर हातात आली, बँकेचा शेवटचा पैसा डिसेंबरात. कंत्राटदाराचे ५ टक्के अजून आमच्याकडे आहेत, या पावसात उत्तरेकडच्या भिंतीला ओल आली नाही तर सप्टेंबरात देणार, तशी तारीख वहीत लिहिलीये.